पट्टा काढलेला माग

पती गेल्यानंतर मी देवीपुढे रोज दिवा लावत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. बघावंसंच वाटत नव्हतं. आमचं घर बेळगावात वडगावला, साड्या विणणाऱ्यांचं. मागच्या खोलीत आमचा यंत्रमाग. एका दुपारी माग चालवता चालवता बसल्या जागीच त्यांचं हृदय थांबलं, आणि कांडीवरचं सूत संपेपर्यंत माग मात्र चालत राहिला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. माग वाजतोय म्हणजे ते काम करताहेत, ही माझी कितीतरी वर्षांची खूण. त्या दुपारीही तो आवाज ऐकून मी निर्धास्त होते.

दिवसकार्य उरकल्यावर निपाणीहून आलेल्या माझ्या अण्णानं, म्हणजे थोरल्या भावानं, मोटरचा पट्टा काढून ठेवला आणि खोलीला कडी घातली. त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची जेवणं आटोपल्यावरच्या शांततेत, माग वाजू लागला. आमच्या गल्लीत घरोघरी माग आहेत, शेजारचा असेल असं कुणीही म्हणेल. पण प्रत्येक मागाची चाल निराळी असते. आमचा दर ठोक्यानंतर किंचित अडखळायचा. हा तोच होता. मी कडी काढून आत गेले की थांबायचा. सूत नेणारा धोटा जागच्या जागी, अर्धवट साडीवर धूळ. हवेत मात्र नुकताच माग बंद केल्यासारखा तेलाचा ऊबदार वास.

मी त्या आवाजाची वाट बघायला लागले आणि त्याला भ्यायलाही लागले. जेवण पानातच राहायचं, रात्र रात्र झोप यायची नाही. त्यांच्या वेळेला चहा करून मी मागाजवळ ठेवू लागले. कप उचलायला जाई तेव्हा तो रिकामा असायचा. घरात माझ्याशिवाय फक्त सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. एकुलता एक मुलगा गेलेल्या बाईला मी हे काय सांगणार?

पुन्हा भेटायला आलेल्या अण्णाला माझी अवस्था बघवेना. "बाहेरचं कायतरी असणार गं. चल, देवीला जाऊन येऊ," असं म्हणत तो मला काकती गावाच्या पलीकडे माळावरच्या एका लहानशा देवळात घेऊन गेला. तो नारळ वाढवायला गेला आणि मी ओट्यावर बसून राहिले. पिकल्या केसांची एक बाई, हातात कडीचा डबा, माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माग थांबंना, व्हय?"

मी चमकून तिच्याकडे बघितलं. मी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं, अण्णालासुद्धा नाही.

"त्येला थांबवाया जाऊ नगंस. कुणालातरी सांग. सरकारी दवाखान्यात जिन्यामागच्या खोलीत एक बाई बसत्यात. माझं समदं त्यांनीच ऐकून घेतलं." एवढं बोलून तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. अण्णा परत आला तेव्हा त्यानंच विचारलं, "त्या आक्का काय म्हणत हुत्या?" म्हणजे त्यानंही तिला पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. जिन्यामागे खरोखरच एक खोली होती. टेबलामागच्या समुपदेशक बाई कन्नड बोलणाऱ्या, मराठी तोडकंमोडकं. "बर्री, या, बसा," म्हणाल्या. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. मी देवळातल्या बाईचं सांगितलं, तशा त्या गोंधळल्या. "ही खोली मला आजच मिळाली. मी इथे नवीन आहे. तुम्ही पहिल्याच." मला उठून जावंसं वाटलं. पण मी उठले नाही.

"काय झालं तुमच्या यजमानांना?" त्यांनी विचारलं.

"देवाज्ञा झाली."

"देवाची आज्ञा? काय आज्ञा केली?" त्यांना शब्दच कळला नव्हता. गेले, वारले, असं म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "मेला. माझा नवरा मेला." इतक्या महिन्यांत मी तो शब्द उच्चारला नव्हता. मग रडू फुटलं ते आवरेना. बाईंनी मला गप्प केलं नाही, नुसत्या बसून राहिल्या.

मी जात राहिले. झोपेसाठी त्यांनी मला डॉक्टरांकडेही पाठवलं. आवाज खरा की भास, यावर त्या कधी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आवाज आला की पळू नका, पाय जमिनीला टेकवा, श्वास हळू सोडा, मनातलं त्यांना मोठ्यानं सांगा. एकदा त्यांनी विचारलं, "माग वाजत होता म्हणून तुम्ही भाकरी करत होता. त्या वेळी तुम्हाला जे माहीत होतं, त्यात दुसरं काय केलं असतं?" मी कितीतरी दिवस उत्तर शोधलं. मिळालं नाही, आणि छातीवरचं काहीतरी सैल झालं. मग त्यांनी विचारलं, "घरी आणखी कुणाला येतो का आवाज?"

त्या दुपारी माग वाजायला लागल्यावर मी आत्तींजवळ जाऊन बसले. "आत्ती, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

त्यांनी कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. "पयल्या दिसापास्नं येतंय गं."

"मग बोलला का नाही?"

"तू आधीच अर्धी झालीस. तुला काय सांगू?" मग हळूच म्हणाल्या, "च्या मीच वतून टाकत हुतो तुळशीत. त्यो पिऊन गेला असं तुला वाटावं म्हणून."

आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. एकाच घरात, एकाच भिंतीला कान लावून, दोघी एकेकट्याच ऐकत होतो.

आता आवाज क्वचित येतो. आला की आम्ही दोघी मागाच्या खोलीत जाऊन बसतो आणि त्यांच्याविषयी बोलतो. आत्ती त्यांच्या लहानपणच्या खोड्या सांगतात, कधी हसूही येतं. त्या देवळात मी पुन्हा पुन्हा गेले. ती बाई कधी दिसली नाही, पुजाऱ्यांनाही ठाऊक नाही. पूर्वी दिवा लावताना देवीकडे न बघताच मी एकच मागायचे, हे थांबव. तिनं थांबवलं नाही. तिनं माझ्याकडे माणसं पाठवली, आणि त्यातली एक कोण होती ते कळू दिलं नाही. ते कळलंच पाहिजे हा हट्ट मी तिच्या पायाशी ठेवून आले आहे.