तांदुळज्याचे बुडखे

"मॅडम, याच्यात धोतरा हाये का नाही, तेवढंच सांगा. हो म्हना, नाहीतर नाही म्हना."

पीएसआय साहेबांनी पॉलिथिनची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत भाजी निवडून फेकलेला कचरा होता. चिखल लागलेली मुळं, देठांचे बुडखे, पिवळी पडलेली थोडी पानं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडं ओळखणं, त्यांचं वर्गीकरण करणं हा माझा विषय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हा विषय ज्या सरांनी हाताला धरून शिकवला ते आता नाहीत. विभागात हा विषय घेतलेली मी एकटीच उरले. शंका आली तर विचारायला कोणी नाही.

प्रकरण नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावातलं होतं. श्रावणातल्या सोमवारी दुपारी सुनेनं सासू-सासऱ्यांना तांदुळज्याची भाजी आणि भाकर वाढली. थोड्या वेळानं सासरे हवेतून धागे वेचायला लागले. सासू भिंतीशी बोलायला लागली. दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी धोतऱ्याची विषबाधा सांगितली. दोघंही वाचले. पण सुनेनं ती भाजी खाल्लीच नव्हती. दिराचं म्हणणं, वहिनीनं मुद्दाम घातलं. नवरा पुण्याला कंपनीत. तो फोनवर कोणाचीच बाजू घेत नव्हता.

"तिनं कावून नाही खाल्ली?" साहेब म्हणाले. "उपास होता म्हणते. लॅबचा रिपोर्ट यायले टाइम लागते. दीर रोज स्टेशनात येऊन बसून राहिला."

मी पांढऱ्या ट्रेमध्ये कचरा पसरला. सर सांगायचे, नाव शेवटी घ्यायचं, आधी जे दिसतं ते लिहायचं. नाव आधी मनात आलं की डोळे तेवढंच शोधतात.

पानाची कडा, टोक आणि तळ यांवरून आम्ही झाड ओळखतो. इथं धड पानं भाजीत गेली होती, उरलेली पिवळी पानं चुरगळली होती. पण बुडख्यांवर बीजपत्रं शिल्लक होती. बी रुजल्यावर सगळ्यात आधी जी दोन साधी पानं उघडतात, ती बीजपत्रं. खरी पानं नंतर येतात. काही रोपांची बीजपत्रं आखूड होती, काहींची चांगली लांब. लांब बीजपत्रांपैकी एकाच्या टोकाला बियाचं टरफल अजून चिकटलेलं होतं. चपटं, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं. तांदुळज्याचं बी काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक असतं. हे ते नव्हतं.

"धोतरा आहे," मी म्हटलं.

साहेब उठले. "झालं तर मग."

"बसा जरा. हे ढेकूळ बघा."

चिखलाच्या त्या ढेकळात दोन्ही जातींची मुळं एकमेकांत गुंतलेली होती. दोन्हींचे देठ एकाच उंचीवर कापलेले. म्हणजे रोपं एकाच जागी उगवली, एकाच मुठीत उपटली गेली, आणि एकाच कापात शेंडे भाजीत गेले.

"विष घालायचं असतं तर धोतऱ्याच्या बोंडातलं जास्त विषारी बी घेतलं असतं," मी म्हटलं. "बोटभर रोपटी कशाला?"

"म्हणजे चुकून?"

"तिच्या मनातलं मला सांगता येत नाही. ती जागा दाखवा. तिथं दोन्ही सोबत उगवलेली दिसली तर तसं लिहून देते."

दुसऱ्या दिवशी गेलो. सुनीता, म्हणजे ती सून, घरात एकटी होती. सासू-सासरे अजून दवाखान्यात, दीर त्यांच्यापाशी. शेजारणी आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीनंही उंबरा ओलांडला नाही. सुनीता आम्हांला गोठ्यामागच्या उकिरड्याकडे घेऊन गेली.

"इथूनच उपटली, बाई. कवळी दिसली मले."

"निवडली नव्हती?"

"निवडली ना. गवत काढलं. हे बी भाजीच वाटलं." मग ती म्हणाली, "माहा सोमवार नसता त बरं झालं असतं. मी बी खाल्ली असती. मंग कोनी इचारलंच नसतं."

मी खाली बसले. तिथं तांदुळजा आणि धोतरा एकमेकांत दाट उगवले होते, एकाच उंचीचे. माझी आईही अशीच मुठीनं भाजी उपटायची.

मी धोतऱ्याचं एक पान तिच्या हातात दिलं. पानाच्या दोन बाजू देठाला सारख्या जागी मिळत नाहीत, एक थोडी वर, एक खाली. याला आम्ही तिरका तळ म्हणतो. मग तांदुळज्याचं पान दाखवलं. त्याच्या टोकाला बारीक खाच होती.

तिनं दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. "एवढंसंच?"

"एवढंसंच."

घरात येऊन तिनं चहा केला. साहेब म्हणाले, "राहू द्या, आताच घेतला." वाटेत आम्ही कुठंही चहा घेतला नव्हता. मी कप उचलला आणि प्याले. ती कप रिकामा होईपर्यंत माझ्याकडे बघत उभी होती. निघताना तिनं माझा नंबर मागून घेतला.

मी रिपोर्ट दिला, जागेचे फोटो जोडले. गुन्हा दाखल झाला नाही. "मॅटर क्लोज, मॅडम," साहेबांनी फोनवर सांगितलं. सासू-सासरे घरी आले. सासू आता स्वतः रांधते. सुनीताच्या हातचं घरात कोणी खात नाही. ती आपल्यापुरती भाजी वेगळी शिजवते.

शिजवायच्या आधी ती मला फोटो पाठवते. मेथी, अंबाडी, बाजारातून आणलेला पालकसुद्धा. खाली लिहिते, "खाऊ ना, बाई?" मेथी तिला माझ्याहून जास्त कळते. तरी तास संपला की मी आधी तो फोटो उघडते आणि "खा" असं लिहिते. कधी विचारते, कशी केली? मग ती सविस्तर लिहिते, लसूण किती, तिखट किती. माझा डबा खाताना मी ते वाचते.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. झाड ओळखायला आणाल तेव्हा मुळासकट आणा, नुसता शेंडा आणू नका. आणि माझ्या रिपोर्टवर फार भिस्त ठेवू नका. तो पोलीस स्टेशनात चालला. सुनीताच्या सासूच्या ताटापाशी अजून चाललेला नाही.