खुणेचे टमाटे

माझी नणंद पुण्यात राहते. तिच्याकडं गेले की सोसायटीतल्या बाया विचारतात, तुम्ही कुठल्या? बुलढाण्याच्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे शेगावच्या का? मी सांगते, शेगाव आमच्यापासून लांब आहे, आम्ही पार दुसऱ्या टोकाला, देऊळगाव राजा तालुक्यात, जालन्याच्या हद्दीजवळ. मग त्या 'अच्छा' म्हणतात आणि भाजी किती महाग झाली यावर बोलायला लागतात. एकदा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, हॉलंडमधली कंपनी जगभर टमाट्याचं बी विकते ना, ते बी आमच्या गावातल्या बाया तयार करतात, हातानं, एकेका फुलातून. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. नणंद हसून म्हणाली, "आमच्या वहिनी जरा वाढवून सांगतात." मी वाढवून सांगते हे खरं आहे, माझा तो स्वभावच आहे. पण त्या दिवशी मी एक अक्षरही वाढवलं नव्हतं.

हे काम कसं असतं ते सांगते. शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, एका बाजूला नराच्या ओळी, दुसऱ्या बाजूला मादीच्या. मादीच्या झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची आणि आतली पिवळी नळी अलगद काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग त्या फुलाला लावायचे. आणि हे फूल आपण केलं याची खूण म्हणून त्याच्या बुडाशी असलेल्या पाच हिरव्या पात्यांपैकी दोन कातरून टाकायच्या. टमाटा पिकेपर्यंत ती खूण राहते. तोडताना टमाटा उलटा करून बघायचा. दोन पात्या कमी असल्या तर तो बियाण्याचा. पाचही असल्या तर तो आपोआप धरलेला, तो खड्ड्यात टाकायचा, मग तो कितीही देखणा असो. इतकं साधं आहे आणि इतकं किचकट आहे. दोन-अडीच महिने चाळीस बाया मान खाली घालून हेच करतात.

आसपासच्या गावांत हे काम बरंच आधी आलं होतं. आमच्या गावाला कोणी विचारत नव्हतं. पूर्वी कधीतरी आमच्या गावातल्या कोणीतरी कपाशीच्या बियाण्यात भेसळ केली होती म्हणे. कोणी केली, खरंच केली का, कोणाला धड सांगता येत नव्हतं, पण गावाचं नाव खराब झालं ते झालंच. लग्नाच्या बैठकीत देखील कोणीतरी ती गोष्ट काढायचा. मी तीन वर्षं कंपनीच्या साहेबांच्या मागं लागले होते. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "पाच शेडनेट देतो. पाच घरांचं बी एकत्र करून एकच लॉट जाईल. तिकडं कंपनी त्यातलं थोडं बी उन्हाळ्यात पेरून बघते. त्यात वेगळी झाडं निघाली तर अख्खा लॉट बाद, आणि या गावाला पुन्हा काम नाही." मी हो म्हटलं. पाच घरांच्या वतीनं मी हो म्हटलं होतं, त्यामुळे सगळी जबाबदारी माझ्या डोक्यावर होती.

मी बायांना शिकवलं. कळी कोणती घ्यायची, कोणती सोडायची, चिमटा कसा धरायचा, पात्या कशा कातरायच्या. ज्या बाईला चष्म्याचा नंबर होता तिला मी स्वतः देऊळगाव राजाला नेऊन चष्मा करून आणला. एवढं सगळं केलं, पण घरात सासूबाईंना मात्र एवढंच सांगितलं, "आत्याबाई, बाजूला काढलेले टमाटे खड्ड्यात टाकत जा." का टाकायचे ते सांगायची मला गरज वाटली नाही. हे मी आता कबूल करते. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

तिसऱ्या तोडणीच्या दिवशी घडलं ते असं. मी आत ओळीत होते. दारावर सासूबाई होत्या. आम्ही भरलेले क्रेट बाहेर आणून ठेवत होतो, माणूस ते गाड्यावर चढवून माझ्या चुलत दिराच्या खळ्यावर नेत होता. पाचही घरांचे टमाटे तिथं एकत्र ठेचून त्याचा गर निळ्या ड्रममध्ये भरायचा अशी पद्धत होती. दीडेक दिवस तो गर आंबू द्यायचा आणि मग धुऊन बी काढायचं. गाडेवाला एकदोनदा कुरकुरला, आज क्रेट एकावर एक नीट बसत नाहीत म्हणून. मी कामात होते. मी म्हटलं, "बसव बाबा कसेतरी."

दुपारी चहा पिताना सासूबाई सहज बोलल्या, "बाई, तू आज सपाट क्रेट पाठवून राह्यली होती. मले नाही पाहवलं. मी सगळ्यायवर शीग चढवली."

"कशाची शीग?"

"ते बाजूचे टमाटे होते ना, लाल लाल. काय खराबी होती त्यायच्यात? खड्ड्यात कुजवण्यापरीस देणाराच्या नावानं तरी जातीन."

आमच्या घरातून कधी कोणाला सपाट माप गेलेलं नाही. ज्वारी असो, डाळ असो, माप भरलं की वर मावेल तेवढी रास रचायची, ती शीग. उसनं आणलेलं परत करताना देखील शीग लावूनच द्यायचं. सासूबाई सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी हेच केलं होतं. काठाबरोबर भरलेले क्रेट आपल्या घराच्या नावानं परदेशी निघालेत हे बघून त्यांचा जीव तुटला असणार. पण तेव्हा मला हे काही सुचलं नाही. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्न होऊन आल्यापासूनचं सगळं काढलं मी, ज्याचा टमाट्यांशी काही संबंध नव्हता ते पण काढलं.

नवरा मध्ये पडला. म्हणाला, "किती टमाटे असतीन? दोन टोपले. एवढ्या गरात कोनाले काय समजते? तू चूप राह्य."

मी खरंच चूप राहिले. सांगायचं म्हणजे पाच घरांची त्या दिवसाची तोडणी फेकायला लावायची, आणि सासूला चारचौघात उभं करायचं. नाही सांगायचं म्हणजे उन्हाळ्यात कधीतरी तिकडं वेगळी झाडं निघण्याची वाट बघायची, आणि गावाच्या कपाळावरचा तो जुना डाग पुन्हा ताजा करायचा. कदाचित निघणारही नाहीत. या 'कदाचित'चा मोह मला झाला होता, हे सांगायला मला लाज वाटते.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "बाई, बी नासलं का?"

त्या विचारण्यानं माझा राग उतरला. मी दोन टमाटे आणून त्यांच्या हातात दिले आणि पात्या मोजायला लावल्या. एकाला तीन, एकाला पाच. सांगितलं, हा तीन पात्यांचा आपण केलेला, याचे आईबाप दोन्ही ठरवलेले. हा पाचांचा आपोआप झालेला, याच्या बियाचं झाड वेगळं निघतं. तिकडचा शेतकरी एक म्हणून लावणार आणि उगवणार दुसरंच. जे मी दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते आता पाच मिनिटांत सांगून झालं. त्यांनी दोन्ही टमाटे पुन्हा पुन्हा उलटे करून बघितले. मग उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि चपला घालून निघाल्या. कुठं, विचारलं तर म्हणाल्या, "खळ्यावर."

मी मागोमाग गेले. खळ्यावर पाचही घरांतली माणसं होती, ठेचणं आटपून हातपाय धूत होती. सासूबाई ड्रमजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजच्या गरात माझ्या हातानं वाईट टमाटे गेले. बिनखुणेचे. सुनेले ठावं नव्हतं. हा गर फेका लागन."

चुलत दीर हात पुसत म्हणाला, "काकू, अवो घेनारा मानूस सात समुद्रापार हाय. त्याले काय माहीत कोनी काय टाकलं? ते वळखते का तुमाले?"

"नाही वळखत. म्हनून त फेकाचं." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "गावातल्याले फसवलं त तो दारात येते, भांडते, चार शिव्या देते. मंग आपनबी समजतो. ह्या मानसानं कुठं यावं? त्याले आपलं दार त ठावं पाह्यजे ना."

मी आजवर सभा बघितल्या, भाषणं ऐकली, जग जवळ आलं वगैरे ऐकलं. दूरच्या माणसाशी कसं वागावं ते मला त्या खळ्यावर कळलं, दोन वर्गही न शिकलेल्या बाईकडून, जिला मी तासाभरापूर्वी अडाणी म्हटलं होतं.

सगळ्यात मोठी तोडणी त्या दिवशी माझ्या एका जावेची होती. ती उठली, पदर खोचला आणि पहिला ड्रम तिनंच कलंडवला. कलंडवताना म्हणाली, "आत्याबाई, तुमची शीग लय जड गेली बाप्पा." त्यावर कोणीतरी हसलं, आणि हसलं म्हणून बाकीचे ड्रम पण कलंडले. चुलत दिरानं शेवटचा कलंडवला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण ड्रम त्यानं कलंडवला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि रिकामे ड्रम बघून कपाळाला आठ्या घातल्या. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हे सांगतं का कोणी?" आणि गाडीत बसून गेले. ते शाबासकीनं म्हणाले की वैतागून, हे आम्हाला उन्हाळ्यापर्यंत कळलं नाही. तोवर मी रोज फोनकडं बघायची. गावात येताजाता लोक विचारायचे, "काय हो, झालं का पास?" आणि मी डाफरायची.

उन्हाळ्यात फोन आला. लॉट पास. बियाचं पाकीट आमच्या गावातून निघून कुठल्या कुठल्या देशांत जाणार होतं, त्यांची नावं साहेबांनी वाचून दाखवली आणि मी ती एका कागदावर लिहून घेतली. तो कागद घेऊन मी घरोघर फिरले. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. देऊळगाव राजाच्या बाजारात भांडेवाल्याला सांगितलं, बसमध्ये शेजारच्या बाईला सांगितलं. मिरवलं मी, आणि का मिरवू नये?

पुढच्या हिवाळ्यात गावात बरीच शेडनेट उभी राहिली. क्रेट बाहेर जाताना शेवटची तपासणी कोण करणार हा प्रश्न आला तेव्हा त्याच जावेनं सांगितलं, "आत्याबाईले बसवा. त्यायले आता कोनी फसवू शकत नाही." सासूबाईंना नवा चष्मा आला, बसायला प्लास्टिकचा स्टूल आला. त्या दिवसापासून त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक टमाटा खळ्यावर गेला नाही. दोन बाया तर त्यांच्या धाकानं घरूनच टमाटे दोनदा तपासून आणायच्या.

त्याच हंगामात हॉलंडहून एक बाई आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, बियाण्याच्या शास्त्रज्ञ. आमच्या बाया नवीन पातळं नेसून आल्या होत्या, पाहुणीनं मात्र मळके बूट घातले होते. त्या ओळीतून फिरल्या, बायांचे हात बघत राहिल्या. मग दारावर आल्या तेव्हा नेमका माझा क्रेट सासूबाईंपुढं होता. सासूबाईंनी एक टमाटा उचलला, उलटा केला, पात्या मोजल्या आणि मला विचारलं, "हा कोनाचा?"

"माझाच, आत्याबाई."

त्यांनी तो पाहुणीसमोर धरला. "ही सून हाय माझी," त्या म्हणाल्या, "पन टमाटा खुनेचा नाही." आणि खड्ड्यात फेकून दिला.

पाहुणीबरोबर आलेल्या साहेबांनी तिला इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. चारचौघात, परदेशी पाहुणीसमोर माझी फजिती झाली होती, आणि तरी मला सासूबाईंचा अभिमान वाटत होता. पाहुणी सासूबाईंच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. क्रेटमधून एक टमाटा घेऊन त्यांनी तो उलटा केला आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरून थांबल्या. सासूबाईंनी चष्मा सरकवला, बोटानं पात्या मोजल्या, तीन भरल्या, आणि मान डोलावली. मग पाहुणीनं तो टमाटा क्रेटमध्ये ठेवला.