वेटिंगवरचा समुद्र

मुरगूडहून निघालो तेव्हा आबा गाडीत बसले होते, पण लक्ष सगळं गोठ्यात. माझे वडील उभ्या आयुष्यात म्हशी सोडून एक रात्र बाहेर राहिलेले नाहीत. समुद्र पाहिला तो टीव्हीवर. या खेपेला शेजारचे रमजानचाचा धारा काढायला कबूल झाले, म्हणून आबा कसेबसे तयार झाले. आणि इकडे माझं लक्ष सगळं फोनवर, कारण मालवणजवळच्या ज्या रिसॉर्टला आम्ही निघालो होतो, तिथली खोली अजून आमची झालेलीच नव्हती.

आम्ही दोघं तिकडे शहरात, शाहूपुरीत राहतो. माझ्या नवऱ्याने, महेशने, हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेतलं आहे. वर्षातले ठरावीक दिवस आपले म्हणतात, पण खोली रिकामी असेल तर. नसेल तर वेटिंग. कुणी बुकिंग रद्द केलं की खोली पहिल्या नंबराला जाते. त्याने दोन तासांत फोनवर होकार दिला नाही, की दुसऱ्याला. तिघांच्या खोलीसाठी आमचा नंबर पहिला होता. तेवढ्यात आबांनी कुरुंदवाडच्या आत्याला फोनवर रीतीप्रमाणे म्हटलं, "चल की तू बी."

आपल्याकडे असं म्हणायचं असतं. समोरच्याने "न्हाय बाबा, लई कामं हायती" म्हणायचं असतं. आत्या म्हणाली, "व्हय, येतो की!"

मी ॲपमध्ये तिघांचे चौघे केले. त्यासरशी जुना नंबर गेला आणि मोठ्या खोलीच्या रांगेत आम्ही पार शेवटी. मला रडूच यायचं बाकी होतं. निघायच्या सकाळपर्यंत नंबर दुसरा झाला. सुट्ट्यांमुळे आसपासची हॉटेलं भरलेली. पण आबा पुन्हा तयार झाले नसते, म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहिलेल्या आत्याला घेऊन तसेच निघालो.

फोंडा घाटात रेंज गेली. मी गाडी थांबवायला लावून चहाच्या टपरीमागे फोन उंच धरून हिंडले. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "हय रेंज नाय गावाची." (इथे रेंज मिळायची नाही.) आबा निवांत भजी खात होते. "ह्यात तिखट घालायला इसरलाय काय वो?" त्यांनी बाईंना खणखणीत आवाजात विचारलं.

रिसॉर्टवर पोचलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मोठी खोली मघाशीच सुटली, पण पहिल्या नंबराला गेलीय. त्यांची वेळ अजून संपली नाही. त्यांनी घेतली नाही, तर तुम्हाला मेसेज येईल."

आबांनी ते ऐकलं. "खोली न्हाय व्हय? मग चला माघारी. सकाळच्या धारंला पोचतो."

"माझ्यामुळं झालं व्हय गं हे?" आत्याने हळूच विचारलं. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. "नाही गं," मी म्हटलं.

"आलोय तर पानी तरी बघून जाऊ, दादा," म्हणत तिने आबांचा हात धरला. महेश त्यांच्याबरोबर पुढे. मी मागे, वाळूत चपला रुतवत, नजर फोनवर. चार्जिंग संपत आलेलं. मेसेज नाही, नाही... आणि आला! मी बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि खोली आमची झाली.

"मिळाली!" मी ओरडले आणि वर पाहिलं. आबा धोतर भिजवून गुडघाभर पाण्यात उभे होते. पाठ माझ्याकडे. कुणी वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस छान गेले. आबांनी बांगडा मनापासून खाल्ला, सोलकढीला मात्र "हे ताक न्हवं" म्हणून नाक मुरडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकून दोन्ही रात्री गाढ झोपले.

मुरगूडला परतलो तेव्हा आत्याही घरापर्यंत आली. आबा आधी गोठ्यात गेले, पाठोपाठ आम्ही. रमजानचाचा बादली ठेवून म्हणाले, "मग, कसा हाय समिंदर?"

आबांचा चेहरा फुलला. ते माझ्याकडे वळले. "पैल्यांदा बघितला तवा मी काय म्हनलो, सांग की सुमे चाचास्नी!"

मी आत्याकडे बघितलं. आबा पहिल्यांदा समुद्र बघतील त्या क्षणासाठीच सगळा आटापिटा केला होता आणि तेव्हा मी फोनकडे बघत होते.

आत्यानेच सांगितलं, "दादा म्हनला, ह्याला बांध कुठं हाय गं?"

चाचा खो खो हसले. मीही ते चाचांबरोबरच पहिल्यांदा ऐकत होते.