दुखली एकदाची

बाळांनो, दर रविवारी फोनवर तुम्ही माझ्या जिभेची चौकशी करता. आज सांगण्यासारखं आहे, म्हणून रविवारची वाट न पाहता लिहिते. अक्कलदाढ काढताना शेजारची नस दुखावली आणि चार महिने जिभेची डावी बाजू बधिर होती. संवेदना परत येईलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. रोज सकाळी मी आरशासमोर जीभ उचलून पाहायची. खाली दोन निळ्या शिरा दिसायच्या, डावी उजवीइतकीच भरलेली. जो भाग मला काहीच कळवत नव्हता, त्यातूनही रक्त न चुकता खेळत होतं. उत्तर येत नसतानाही पोसत राहणं शरीराला किती सहज जमतं, असं मनात यायचं.

आज शेंगदाणे खाताना जीभ चावली गेली आणि मी ओरडलेच. तुमचे आजोबा पेपर टाकून धावत आले.

"काय झालं?"

"जीभ चावली. दुखलं हो."

"मग हसतेस काय वेड्यासारखी?"

"डावीकडे दुखलं."

ते खुर्चीत बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा चावून बघ. खात्री झालेली बरी."

मिठाची चव अजून उजवीकडेच लागते. पण डावीकडची नस जिवंत आहे.