इगर्जीतलं मीठ

ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावात पोर्तुगीजांच्या वेळची विटांची इगर्जी आहे. गाव आता उरलं नाही, टॉवर आहेत. इगर्जी आहे. दाराशी पितळी पाटी लावलीय. मी दुसरी शिकलेला माणूस, बोट लावून वाचली. आधी हे चर्च होतं, मग स्थानिकांनी गोदाम म्हणून गैरवापर केला, मिठामुळे विटांची हानी झाली, आता पूर्वीचं वैभव परत आणलंय, असं लिहिलंय.

ते स्थानिक म्हणजे माझा बाप.

खरं ते सांगतो, मीठ विटा खातं. भिंतीला लोणा लागायचा, विटेचा भुगा पडायचा, आम्ही पोरं तो नखानं उकरायचो. पण मिठाच्या आधी काय होतं तिथं? ख्रिस्ती वस्ती दुसरीकडे सरकली, त्यांचं नवं चर्च झालं, इथलं छप्पर कोसळलं. मग ज्याला चूल घालायची तो इथूनच विटा उचलून न्यायचा. पावसाआधी आगरातलं मीठ ठेवायला जागा हवी म्हणून माझ्या बापानं नि गाववाल्यांनी वर कौलं चढवली. त्या कौलांनी इगर्जी तगली. मीठ विकून गेलं की बाया गोड्या पाण्यानं भिंती धुवायच्या, गडी चुना लावायचे. पाटीवर हे नाही.

आत टोकाला, जिथं त्यांचा देव होता, तिथं मोठा कमानीचा कोनाडा आहे. आम्ही त्याला गाभाराच म्हणायचो. गोणी कौलांना टेकल्या तरी गाभाऱ्यात एक गोण लावायची नाही, हा नियम. एकदा मीठ उदंड झालं, जागा संपली आणि अवकाळी ढग आले. मी बापाला म्हटलं, "गाभाऱ्यात लावू का? देव तर नाय आता तिथं."

"देव भाडेकरू हाय का रं, घर सोडून जायाला?" बाप म्हणाला. "आपला नसला तरी कुनाचा तरी हाय ना?"

बाहेरचं मीठ आमच्या डोळ्यांदेखत विरघळलं. बाप बिडी ओढत बघत बसला.

एक ख्रिस्ती म्हातारी वर्षातून एकदा तिथं मेणबत्ती लावायला यायची. तिच्यासाठी गोणींमधून वाट ठेवलेली असायची. ती म्हणायची, "तुझ्या मिठानं माझा देव खारावला." बाप म्हणायचा, "मंग अळनी तरी जेवत नाय ना तो!"

पुढे आगरं बुजली. इगर्जीत बालवाडी भरली, मग तालीम आली, मग रेशनचं दुकान. गाभारा तेव्हाही मोकळाच राहिला. मग टॉवरवाल्यांनी रंग देऊन, एसी बसवून तिचा हॉल केला.

माझ्या नातीनं साखरपुड्याला तोच हॉल धरला. आम्ही सगळे आता ठाकुर्लीला एका घरात राहतो. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "आबा, बघा, तुमचीच इगर्जी! मुद्दाम घेतली." छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. मग नीट पाहिलं. गाभाऱ्यात स्टेज होतं, स्टेजवर सोफा, आणि सोफ्यावर कुणीतरी जोडपं बूट घालून बसलेलं.

मी म्हटलं, "सोफा बाजूच्या भिंतीला लावायला सांग. बाकी काय पण करा."

मुलगा म्हणाला, "बाबा, लाइटिंग सगळं तिथंच आहे. आणि तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?"

बायको आतून म्हणाली, "जन्मभर मीठ वाहिलं त्यांनी, साखरपुडा कसा गोड लागेल?"

सगळे हसले. नात हसली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, मी विचारलं हॉलवाल्यांना. नाही म्हणतात. एक दिवस चालवून घ्या ना, माझ्यासाठी."

मी चालवून घेतलं नाही. गेलो मात्र. इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलो. फोटोची वेळ झाली तशी नात माईकवरून म्हणाली, "आबा, वर या." अख्खा हॉल माझ्याकडे वळला. मुलगा धावत आला, कानाशी लागला, "बाबा, आता तमाशा नको. चला."

"तिला खाली बोलव. इथं काढू फोटो."

"पाहुण्यांसमोर ती उतरून येणार?"

ती सोफ्यावरून माझ्याकडे बघत राहिली. ती उतरली नाही, मी चढलो नाही. मग फोटोवाल्यानं बायकोला मधे सरकवलं आणि माझी जागा भरून टाकली.

फोटो आलेत. नात छान दिसते. तिच्या डोक्यामागं, कमानीच्या कडेला, नवा रंग फुगलाय. लोणा आहे तो, परत वर येतोय. मुलाला दाखवला तर म्हणाला, "तुम्हाला तेच दिसणार."

नात सकाळी चहाचा कप समोर ठेवते आणि तशीच आत जाते. लग्नही त्याच हॉलमध्ये ठरलंय. मला ते बायकोकडून कळलं. या वेळी नातीनं मोबाइल दाखवला नाही, आणि सोफा कुठं लावणार हे मीही विचारलं नाही. दाराजवळची खुर्ची मला माहीत आहे.