एकवीस दिवसांचं पाणी

आमच्याकडे धरणी हलते ती बहुतेक वेळा थोडीच. भांडी वाजतात, कुत्री ओरडतात आणि माणसं अंगणात येऊन एकमेकांची तोंडं बघत उभी राहतात. कधी दिवसातून दोनदा, कधी महिनाभर काहीच नाही. कारणं मात्र भरपूर. कुणी म्हणतं धरणांत साठवलेल्या पाण्याचा भार, कुणी म्हणतं खदानीतले सुरुंग. पाहणीला आलेल्या साहेबांनी जमिनीखालच्या भेगांचं आणि खडकावरच्या ताणाचं सांगितलं, धक्के सौम्य आहेत म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी मोखाड्याकडच्या एका शाळेत मास्तर आहे, मला त्यांचं पटलं. धक्के सौम्यच होते. वाईट होतं ते माझं घर.

आमच्या गावचं, जामसरचं जुनं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणामातीचा लेप, मधोमध जाड लाकडाची मेढ आणि तिच्यावर सगळं छप्पर. हललं की ते कुरकुरायचं, चार ढेकळं पडायची, संपलं. अगदीच वेळ आली असती तर कुडाला लाथ मारून बाहेर पडता आलं असतं. पण मला नोकरी लागली होती ना! मास्तराची आई कुडात राहते म्हणजे काय? तिला विचारायचंही मला सुचलं नाही. घर पाडलं, त्याची लाकडं नव्या स्लॅबखाली टेकू म्हणून लावली आणि नंतर चुलीत घातली. मेढसुद्धा.

पावसाच्या आत उरकायचं म्हणून स्लॅब टाकला तो भर मे महिन्यात. गवंडी आमच्याच पाड्यातला, भिवंडीला बांधकामावर राबून शिकलेला. तो बजावून गेला, "मास्तर, खांबांना नि स्लॅबला एकवीस दिस पाणी मारायचं. नायतर सिमिट कच्ची राहते."

आता मे महिन्यात आमच्याकडे पाणी म्हणजे काय, हे ज्यांनी डोक्यावरून आणलंय त्यांनाच विचारावं. पावसाळ्यात डोंगर नुसते वाहतात आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. आई पहाटेपासून खेपा घालायची, त्याही प्यायच्या पाण्यासाठी नाहीत, खांबांवर ओतायला. चौथ्या दिवशी विहिरीवरच्या बायका तिला बोलल्या, पोरांच्या तोंडचं पाणी भिंतींना पाजतेस म्हणून. ती घरी येऊन डोक्यावरची चुंबळ बाजूला ठेवून मान चोळत बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, "आये, पुरे झालं. स्लॅब काय पळून जातोय?" आईची दया आली म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

पहिला जोराचा धक्का आला तो सुट्टीच्या दिवशी, दुपारी. मी अंगणात होतो, आई आत तांदूळ निवडत होती. कोंबड्या शिरतात म्हणून तिनं दार ओढून घेतलं होतं. मी खिडकीशी धावलो, ओरडलो, "आये, भायेर ये!" ती उठली आणि दाराकडे न येता उलट आत गेली. आमच्या घरची रीतच तशी. धरणी हलली की घरातल्या थोरल्या बाईनं मेढ धरून उभं राहायचं, घर जागचं सुटू द्यायचं नाही. मेढ तर मी जाळली होती. तिनं मागच्या कोपऱ्यातला सिमेंटचा खांब कवटाळला.

धक्का थांबला. दार चौकटीत आवळून बसलं होतं, हलेना. मागचं दार मी ठेवलंच नव्हतं. खिडकीला चोरांसाठी गज, जसं काही चोर आमची नाचणी न्यायलाच टपले होते. त्या गजांतून मला दिसत होतं, तिच्या हातांच्या वर खांबाला तिरपी चीर पडली होती. मी हात आत घालून बोलावत होतो आणि ती मलाच सांगत होती, "भिऊ नको, मी हाये ना." मला रडू येत होतं आणि तिचा भयंकर रागही. शेजाऱ्यानं पहार आणून दार उचकटलं, तेव्हा कुठे ती खांब सोडून बाहेर आली.

साहेब पुन्हा आले, चीर प्लास्टरची आहे असं लिहून गेले. गवंड्यानं मात्र खांबाला बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून आम्ही त्याच घरात आहोत. नवा कूड घालायचा तर कारवी तोडायला जंगलखातं आडवं येतं आणि कूड बांधणारी माणसं दिवाळीनंतर वसई-भिवंडीला निघून जातात. माझी मोखाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, तीही स्लॅबखालीच. अंगणात ताडपत्री बांधली, ती वाऱ्यानं फाडून नेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हल्ली दर वेळी घरात शिरताना मी आधी त्या चिरेकडे बघतो आणि मग आईकडे. तिला हजारदा समजावलं, हललं की बाहेर पळ म्हणून. ती मान डोलावते आणि हललं की खांबापाशी जाते.

शेवटी एकदा जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, "आये, तो खांब कच्चा हाये. मीच तुझं पानी बंद केलं म्हनून कच्चा राह्यला. त्याला धरू नको."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाली, "कच्चा हाये, तर मंग धरायलाच पायजे ना कुनीतरी."

गेल्या आठवड्यात भर दुपारी पुन्हा हललं. मी उघड्या दारात उभा होतो, अंगण दोन पावलांवर. धक्का बसला की मैदानात पळा, हे मी वर्गात पोरांकडून घोकून घेतो. आई खांबाला बिलगली होती, डोळे मिटून. मी एकदा हाक मारली, मग आत गेलो आणि पलीकडच्या बाजूनं खांब धरला.