डिटॅच म्हणजे

आमच्या जावा वेबसाइटच्या पेजवर आज एका ग्राहकाचा जुनाच पत्ता दिसत होता, डेटाबेसमध्ये तो बदलूनही. शेजारच्या टेबलावरच्या वैशालीताईंनी कोड पाहिला. “अगं, ही माहिती धरून ठेवणारं मॉडेल डिटॅच कुठे केलंयस? पेज दाखवून झालं की आतली माहिती सोडायची. लागली की ताजी आणायची.”

डिटॅच म्हणजे तोडणं, असंच मला वाटायचं. हे तर ताजं आणण्यासाठी सोडणं.

पत्ता दुरुस्त झाला आणि मला दादा आठवला. लहानपणी तो फार चिडायचा, म्हणून मी अजूनही त्याला आईमार्फतच निरोप देते. मनातला तो चिडका दादा आता सोडायचाच, असं ठरवून मी तिथूनच त्याला फोन लावला.

“बोल गं. आईला देऊ?”

“नको. दादा, तू आता कसा आहेस?”